एकांकिका बसवताना नवं कसं सुचतं: आठ आठवड्यांच्या तालमीचा आराखडा

पावसाळा सुरू झाला की कॉलेजांच्या नाट्यमंडळांत एकच प्रश्न फिरायला लागतो: यंदा काय करायचं? संहिता मिळते, पोरं मिळतात, तालमीला जागाही कुठंतरी मिळून जाते. तरीही प्रयोगाच्या दिवशी विंगेत उभं राहून बघताना जाणवतं की हे सगळं आपण आधी पाहिलंय. तोच निळा स्पॉट, मधेच सगळ्यांनी गोठून उभं राहण्याचा तोच क्षण, शेवटी तीच किंकाळी. गटातली मुलं हुशार असतात, घाम गाळतात, रात्री जागतात. पण त्या दोन महिन्यांत त्यांना सुचायला म्हणून एकही दिवस मोकळा ठेवलेला नसतो.

तालमींच्या खोल्यांत बऱ्याच संध्याकाळी घालवल्यावर माझं एक मत पक्कं झालं आहे. सुचण्याचे दिवस आणि निवडण्याचे दिवस वेगळे ठेवले की साध्या गटालाही नवं सापडतं. दोन्ही कामं एकाच संध्याकाळी करायला गेलं की गुणी गटसुद्धा ओळखीच्या वाटेनं जातो. खालचा आराखडा याच एका गोष्टीभोवती रचला आहे. कॉलेजच्या गटाला डोळ्यांसमोर ठेवून लिहितोय, पण हौशी मंडळांना, ऑफिसातल्या गटांनाही तो चालेल.

तारखा मागून मोजा

प्रयोगाची तारीख कळली की वहीत आठ आठवडे मागं मोजा. पहिले तीन आठवडे शोधण्याचे. चौथा निवडीचा. पाच ते सात बसवण्याचे. आठवा घोटण्याचा. हे वेळापत्रक भिंतीवर लावा आणि पहिल्याच दिवशी सगळ्यांना समजावून सांगा, कारण तिसऱ्या आठवड्यात कुणाचा तरी धीर सुटतोच: "अजून काहीच बसलं नाही, आता ब्लॉकिंग करून टाकू, हालचाली ठरवून टाकू." त्या वेळी दिग्दर्शकाला भिंतीकडे बोट दाखवता आलं पाहिजे.

बहुतेक गटांत याच्या उलट होतं. पहिल्या दिवशी वाचन, दुसऱ्या दिवशी दिग्दर्शक खडूनं दार आखतो, खुर्ची डावीकडं मांडतो आणि हालचाली बसवायला घेतो. खुर्ची एकदा डावीकडं गेली की पुढचे दोन महिने सगळी पात्रं त्या खुर्चीच्या सोयीनं वागतात. प्रसंग काय मागतोय हे कळण्याआधीच त्याचा आकार ठरून जातो.

रोजची वेळ ठरलेली ठेवा आणि ती पाळा. सात वाजता म्हणजे सात. रात्रभर जागून बसवण्याचं आपल्याकडं उगाच कौतुक होतं. थकलेला नट सवयीचं करतो आणि सवयीचं म्हणजे नवं नव्हे. नोकरी-धंदा करणाऱ्या माणसांनी संध्याकाळच्या वेळात मोठी कामं उभी केली आहेत. १६ डिसेंबर १९७२ रोजी पुण्याच्या भरत नाट्य मंदिरात 'घाशीराम कोतवाल'चा पहिला प्रयोग झाला. त्याचे दिग्दर्शक जब्बार पटेल पेशानं डॉक्टर, नाना फडणवीसांची भूमिका करणारे मोहन आगाशेही वैद्यकातलेच. त्यांच्याकडं दिवसाचे चोवीस तास नाटकासाठी नव्हते.

आणखी एक व्यवहाराची गोष्ट. नाटकाच्या संहिता तपासणाऱ्या सरकारी परिनिरीक्षण मंडळाचं प्रमाणपत्र लागणार का, लागलं तर संहिता कधी पाठवायची, हे आयोजकांना पहिल्याच आठवड्यात विचारून ठेवा. निवडीचा आठवडा त्या मुदतीच्या आधी संपला पाहिजे. नाहीतर मंजूर झालेली संहिता एक आणि रंगमंचावर दुसरीच, असा घोळ होतो आणि शेवटच्या दिवसांत सगळ्यांचं लक्ष कागदपत्रांत अडकतं.

लेखकाला तालमीत बसवा

संहिता नवी असेल तर लेखक तालमीला हवाच. लिहून दिलं, आता तुमचं तुम्ही बघा, असं म्हणणारा लेखक असेल तर त्याला हात धरून आणा.

'शांतता! कोर्ट चालू आहे' हे विजय तेंडुलकरांचं नाटक रंगायन या नाट्यसंस्थेनं १९६७ साली केलं. त्यातल्या नायिकेचं, लीला बेणारेचं, शेवटचं लांबलचक स्वगत आज त्या नाटकाची ओळख बनलं आहे. दिग्दर्शक अरविंद देशपांडे यांचा आग्रह होता की या बाईला स्वतःची बाजू मांडायला मिळालीच पाहिजे. तेंडुलकर आधी त्याला राजी नव्हते. तालमींमधून आलेल्या त्या आग्रहापोटी स्वगत लिहिलं गेलं. ते चालू असताना बाकीची पात्रं गोठलेली असतात, कारण तिचं म्हणणं तिथलं कुणीच ऐकत नाही. गोठण्याला तिथं अर्थ होता. आज स्पर्धांमधून दर दुसऱ्या एकांकिकेत पात्रं गोठतात तेव्हा मी स्वतःला विचारतो, इथं कोण कुणाचं ऐकत नाहीये? उत्तर मिळालं नाही तर ती उसनवारी समजावी.

लेखकाशी काम करताना दोन गोष्टी पहिल्याच दिवशी ठरवा. पहिले तीन आठवडे नटांनी संहितेबाहेरचं काहीही बोलावं, लेखकानं अडवू नये, फक्त टिपून घ्यावं. आणि चौथ्या आठवड्यानंतर लिहिलेल्या ओळीत फेरफार करण्याचा हक्क एकट्या लेखकाचा. लेखक घाबरून अडवतो तो यातली दुसरी हमी मिळालेली नसते म्हणून. ती मिळाली की तो सैल होतो, आणि पुष्कळदा नटाच्या तोंडून आलेलं वाक्य स्वतःच वहीत उतरवून घेतो.

बोलायच्या आधी लिहा

कल्पना काढायला सगळे गोल बसतात. पहिला बोलतो तो गटातला सगळ्यात जुना मुलगा. दुसरा त्यात भर घालतो. तिसरीच्या मनात काही वेगळं असतं, पण तोवर गाडी दुसरीकडं गेलेली असते. पहिल्या वर्षाची मुलं मान डोलावतात. तासाभरानं सगळ्यांना वाटतं की आपण मिळून ठरवलं, आणि ठरलेलं असतं त्या पहिल्या मुलाचं.

यावर जुना अभ्यास आहे. येल विद्यापीठात १९५८ साली टेलर, बेरी आणि ब्लॉक यांनी चार-चार जणांचे गट एकत्र बसवून कल्पना काढायला लावल्या, आणि दुसरीकडं तेवढ्याच माणसांना एकेकटं बसवून त्यांच्या कल्पना नंतर एकत्र केल्या. एकेकट्यांच्या मिळून जवळपास दुप्पट निघाल्या. पुढं १९८७ मध्ये डील आणि श्ट्रोबे यांनी त्यामागचं मोठं कारण दाखवलं: एक बोलत असताना इतरांना थांबावं लागतं, आणि थांबण्यात सुचलेलं निसटतं.

म्हणून असं करा. प्रसंग वाचून झाला की दहा मिनिटं कुणीही बोलायचं नाही. प्रत्येकानं चिठ्ठीवर लिहायचं: या प्रसंगात काय घडू शकेल? निदान पाच गोष्टी. नाव घालायचं नाही. चिठ्ठ्या गोळा करून एकानं सपाट आवाजात वाचायच्या, फळ्यावर उतरवायच्या. वाचताना हसायचं नाही, "हे कुणाचं?" विचारायचं नाही. चर्चा त्यानंतर. दिवे सांभाळणारा मुलगा आणि संगीताची मुलगी यांच्याही चिठ्ठ्या असल्याच पाहिजेत; दुसऱ्या आठवड्यापासून त्या दोघांनी रोज तालमीला यायचं, शेवटच्या चार दिवसांत नव्हे.

नेपथ्य काढून घ्या

पहिले तीन आठवडे रंगमंचावर दोनच वस्तू ठेवा. एक स्टूल आणि एक चादर चालेल, किंवा तुमच्या गोष्टीतली कुठलीही दोन. दार, खिडकी, फाटक, बस, गर्दी, सगळं माणसांतून उभं करायचं.

पैसे वाचतात हा त्यातला लहान फायदा. खरा फायदा असा की सोपा मार्ग बंद होतो. 'घाशीराम'मध्ये ब्राह्मणांची रांग कधी पडदा होते, कधी भिंत, कधी जमाव. ती माणसं पाठ फिरवून उभी राहिली की त्यांच्याआड काय चाललंय ते प्रेक्षकाला कळतं, आणि लपवणारेही तेच आहेत हेही कळतं. लाकडी भिंत हे सांगू शकली नसती. भास्कर चंदावरकरांचं संगीत आणि कृष्णदेव मुळगुंदांची नृत्यरचना त्या रांगेपासून वेगळी काढता येत नाहीत.

पण सगळी बंधनं सारखी नसतात. साधनांची बंधनं डोकं चालवायला लावतात. मनावरची बंधनं डोकं बंद करतात. दोनच वस्तू, चाळीसच मिनिटं, चारच नट ही पहिल्या जातीची. ती जितकी नेमकी तितकी चांगली. "परीक्षकांना हे आवडणार नाही", "घरचे बघायला येणार आहेत", "अमक्या कॉलेजनं असंच करून बक्षीस मारलं" ही दुसऱ्या जातीची. शोधण्याच्या आठवड्यांत परीक्षक हा शब्दसुद्धा तालमीत काढायचा नाही, असा मी नियम करतो. तेरेसा अमाबिले या मानसशास्त्रज्ञ बाईंनी १९८५ साली ७२ लेखकांवर एक प्रयोग केला. एका गटाला लिहिण्याची बाहेरची कारणं, म्हणजे पैसा, नाव, कौतुक असली, वाचून त्यांचा क्रम लावायला सांगितला. दुसऱ्या गटाला लिहिण्यातल्या आनंदाची कारणं. काही मिनिटांचंच काम. मग दोघांनाही हायकू लिहायला लावले. बाहेरच्या कारणांचा विचार करून आलेल्यांच्या कविता परीक्षक कवींना उण्या वाटल्या. काही मिनिटांत एवढं होत असेल, तर दोन महिने रोज करंडकाचं नाव घेतल्यावर काय होत असेल?

परीक्षक काय देतील याचा अंदाज तसाही लागत नाही. पुरुषोत्तम करंडक ही पुण्यातली, १९६३ पासून चालत आलेली कॉलेजांची एकांकिका स्पर्धा. २०२२ साली तिथल्या परीक्षकांनी त्या पात्रतेची एकही एकांकिका नाही म्हणून मुख्य करंडक कुणालाच दिला नाही. त्या निर्णयावर दोन्ही बाजूंनी पुष्कळ बोललं गेलं. मला त्यातून एवढंच घ्यावंसं वाटतं की अंदाज बांधून केलेल्या कामाला अंदाजाचाही आधार नसतो.

तोच प्रसंग, पुन्हा, वेगळा

शोधण्याची तालीम दोन-अडीच तासांची पुरे. वीस मिनिटं अंग आणि आवाज मोकळे करायला. मग एकच प्रसंग घ्यायचा, फार तर तीन मिनिटांचा, आणि तो निदान आठ वेळा करायचा. दर वेळी एक गोष्ट बदलायची.

समजा प्रसंग असा आहे: वडील गेल्यावर भाऊ-बहीण खोली रिकामी करायला आले आहेत. पहिल्यांदा काय होईल ते मी आत्ताच सांगतो. बहीण फोटो उचलेल, पदरानं पुसेल, मागं बासरी वाजेल. दुसऱ्यांदा भाऊ खिडकीबाहेर बघत बोलेल. हे दोन्ही करू द्या, अडवू नका. ओळखीचं बाहेर पडल्याशिवाय मागचं पुढं येत नाही. तिसऱ्या वेळी सांगा, वडिलांचं नाव घ्यायचं नाही. चौथ्या वेळी, दोघांना घाई आहे, टेम्पो खाली उभा आहे. पाचव्या वेळी, एकच वस्तू दोघांना हवी आहे आणि ती अगदी फालतू आहे. इथं बहुधा काहीतरी हलतं. मिक्सरच्या भांड्यावरून भांडताना वडिलांनी कुणाला जास्त दिलं ते एकही वाक्य न बोलता बाहेर येतं. सहाव्या वेळी सगळे म्हणतात, "आता नाही सुचत." तिथं थांबू नका.

नॉर्डग्रेन आणि लुकास या संशोधकांनी २०१५ मध्ये मांडलेलं निरीक्षण असं की माणसं आपल्याला अजून किती सुचेल याचा अंदाज कमी करतात, विशेषतः काम जड वाटू लागल्यावर. त्यांनी ज्यांना तपासलं त्यांत स्केच-कॉमेडी करणारे कलावंतही होते, म्हणजे सुचवणं हाच ज्यांचा धंदा. जड वाटणं हे आटल्याचं लक्षण नव्हे. सातवा आणि आठवा फेरा कराच.

या आठवड्यांत दिग्दर्शकानं "नको" म्हणायचं नाही. म्हणायचं ते "अजून एकदा, वेगळं." आणि करून दाखवायचं तर मुळीच नाही. दिग्दर्शकानं वाक्य म्हणून दाखवलं की नट त्या दिवसापासून त्याची नक्कल करतो. ती नक्कल प्रयोगापर्यंत निघत नाही. अडलेल्या नटाला कृती द्या: "हे बोलताना दोरी सोडव", "तिला दाराकडं जाऊ देऊ नकोस."

मोबाईल एका जागी ठेवून प्रत्येक फेरा चित्रित करा. बघायचं मात्र त्याच दिवशी नाही. स्वतःला लगेच बघितलेला नट दुसऱ्या दिवशी चेहरा सांभाळायला लागतो. आठवड्याच्या शेवटी दिग्दर्शक आणि लेखकानं बसून बघावं आणि वहीत एका ओळीत लिहावं: कुठला फेरा, कुणाचं काय जिवंत होतं.

बोलीबद्दल एक आग्रहाची सूचना. यवतमाळहून, धुळ्याहून, सावंतवाडीहून आलेली मुलं पुण्या-मुंबईच्या गटात आली की त्यांची भाषा पहिल्या आठवड्यात 'सुधारली' जाते. शोधण्याच्या दिवसांत प्रत्येकानं आपल्या घरची बोलीच बोलावी. ज्या भाषेत माणूस आईशी भांडतो त्या भाषेत त्याचं अंगही वेगळं हलतं. शेवटी प्रमाण भाषा ठेवायची असली तर चौथ्या आठवड्यात ठेवा. तोपर्यंत ते हलणं सापडलेलं असेल.

कोण बोलणार, कोण गप्प बसणार

माझ्या मते कॉलेजच्या गटात सगळ्यात जास्त नुकसान करतात ते प्रेमानं येणारे माजी विद्यार्थी. ते तालमीला येतात, पहिल्या बाकावर बसतात, आणि दहा मिनिटांत म्हणतात, "अरे, आमच्या वेळी…" त्यांचा हेतू चांगला असतो, अनुभवही खरा असतो. पण त्यांच्या एका वाक्यानं दुसऱ्या आठवड्यातला अर्धा कच्चा प्रसंग मरतो. त्यांना सहाव्या आठवड्यात बोलवा, तेव्हा ते उपयोगाचे असतात. तोपर्यंत तालीम बंद दाराआड. हे सांगायला अवघड जातं, म्हणून मंडळाच्या सचिवानं ते सगळ्यांच्या वतीनं एकदाच, आदरानं सांगून टाकावं.

सूचना एकाच तोंडातून जाव्यात, दिग्दर्शकाच्या. इतरांना काही वाटलं तर चिठ्ठी. नटांनी एकमेकांना सूचना देणं पूर्ण बंद.

मुलींच्या वेळेचा प्रश्न गट पुढं ढकलतात आणि मग त्याचं उत्तर आपोआप ठरतं: साडेआठला निघावं लागणाऱ्या मुलीला लहान भूमिका किंवा कपड्यांचं काम. गटातली अर्धी डोकी अशी बाजूला पडतात. ज्यांना लवकर निघायचंय त्यांचे प्रसंग आधी घ्या, शेवटची बस आणि शेवटची लोकल विचारून वेळ आखा, आणि रात्री उशिरा महत्त्वाचं काहीही ठरवू नका. चहाच्या टपरीवर रात्री अकरा वाजता घेतलेले निर्णय दुसऱ्या दिवशी सगळ्यांसमोर पुन्हा मांडल्याशिवाय लागू करायचे नाहीत, हा नियम असू द्या.

निवडीचा आठवडा

आता "नको" म्हणायची वेळ. दिग्दर्शक, लेखक आणि नटांनी निवडलेला एक जण, अशा तिघांनी वही घेऊन बसावं. प्रत्येक सापडलेल्या गोष्टीला एकच प्रश्न: हे काढलं तर गोष्ट लंगडते का? छान आहे, टाळी मिळेल, कष्टानं सापडलंय, ही कारणं पुरेशी नाहीत. सापडलेल्यातलं निम्म्याहून जास्त जाईल. जाऊ द्या.

ज्याचं गेलं त्याला कारण समोर बसून सांगा. गटाला न सांगता कापलेली गोष्ट पुढच्या वर्षीच्या चिठ्ठ्या कोऱ्या करते.

बसवणं आणि शेवटचे दहा दिवस

पाच ते सात या आठवड्यांचं काम तुम्हाला येतं: हालचाली, पाठांतर, दिवे, संगीत, वेग. सातव्या आठवड्यात नाटकाशी संबंध नसलेली दहा माणसं बसवून सलग प्रयोग करा. "कसं वाटलं?" विचारू नका, सगळे चांगलंच म्हणतील. विचारा: गोष्ट काय होती ती सांगा. कुठं ऐकू आलं नाही? कुठं मोबाईल काढावासा वाटला? तिघांनी एकच जागा सांगितली की ती जागा दुरुस्त करा. एकानंच सांगितली तर सोडा.

शेवटच्या दहा दिवसांत नवं काहीही नाही, कितीही सुंदर सुचलं तरी. ते वहीत लिहून ठेवा. मागच्या रांगेपर्यंत आवाज, वस्तूंची जागा, अंधारातला बदल, एवढंच घोटा.

निकालानंतर

स्पर्धेत एकांकिकेचा एक प्रयोग होतो, फार तर दोन. मग कपडे परत जातात आणि सगळं संपतं. पहिल्या प्रयोगात गटाला जे कळतं ते वापरायला दुसरा प्रयोगच मिळत नाही. अरविंद आणि सुलभा देशपांडे यांच्या आविष्कार या नाट्यसंस्थेनं १९७४ पासून दादरच्या छबिलदास शाळेच्या सभागृहात प्रयोग सुरू केले आणि इतर गटांनाही ती जागा खुली झाली. साधं शाळेचं सभागृह, थोडा खर्च, थोडे प्रेक्षक. फसलं तर फार बुडत नव्हतं, म्हणून धाडस करता येत होतं. तुमच्या गावात अशी जागा शोधा: वाचनालयाचा वरचा मजला, शाळेचा हॉल, देवळाचा सभामंडप. पुढच्या तीन महिन्यांत पाच प्रयोग लावा, आणि दर प्रयोगाआधी एकच प्रसंग शोधण्याच्या तालमीसारखा पुन्हा उघडा.

निकाल काहीही लागो, आठवड्याभरात लेखक, दिग्दर्शक आणि दिव्यांच्या मुलानं मिळून वही पूर्ण करावी. त्यात अंतिम संहिता, दिव्यांचे आणि संगीताचे इशारे, सापडलेल्या पण वापरल्या न गेलेल्या गोष्टींची यादी, आणि कुठला आठवडा कमी पडला याची नोंद. वही मंडळाच्या कपाटात ठेवा, एक प्रत स्कॅन करून. पुढच्या जूनमध्ये नवीन मुलं आली की त्यांना जुन्या प्रयोगाचं चित्रीकरण दाखवण्याऐवजी ही वही द्या आणि न वापरलेल्या गोष्टींचं पान आधी वाचायला सांगा.